जपून ठेवलेला गुडघा

त्या दीड महिन्यातलं मला सगळं झोपेतूनच आठवतं. मी तेव्हा थर्ड शिफ्टला होतो. सकाळी आठच्या सुमारास चाकणजवळ महाळुंग्यातल्या आमच्या खोलीवर यायचो, शेजारच्या वहिनींनी झाकून ठेवलेला चहा प्यायचो आणि बुटांसकट आडवा व्हायचो. पत्र्याला एक बारीक भोक होतं. त्यातून पडलेला कवडसा आधी माझ्या पायांवर असायचा, मग सरकत सरकत दुपारपर्यंत आईच्या खाटेवर जायचा आणि तिच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर जरा वेळ थांबायचा. कुकरच्या शिट्ट्या, कंपन्यांच्या बसचे हॉर्न, समोरच्या घरमालकांच्या झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज, हे सगळं माझ्या झोपेत येऊन जायचं. आई माझ्याशी बोलतेय की मला स्वप्न पडतंय, हेही कधी कधी कळायचं नाही.

आजही कुणी विचारलं की आईच्या गुडघ्याचं नेमकं चुकलं कुठे, तर मला आधी तो कवडसा दिसतो आणि पाठोपाठ माझं तोंड आठवतं. कारण चुकलं ते माझ्या तोंडामुळे.

आम्ही लातूरकडचे. आयटीआय करून मी इकडे आलो, वडील गेल्यावर आईही आली. एका ओळीत दहा खोल्या, समोर मालकांचं दुमजली घर, त्याच्या ओसरीवर सागवानी झोपाळा, आणि ओळीच्या टोकाला तीन पायऱ्या चढून दोन संडास, खाली बसायचे. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, पण दहाही खोल्या त्यांना काकूच म्हणायच्या. आई जवळच्या एका मेसमध्ये चपात्या लाटायची. सकाळी बसली की डब्यांची गर्दी सरेपर्यंत जमिनीवर मांडी घालून. आठ वर्षांत कंपनीच्या किती पोरांची पोटं भरली ठाऊक नाही, तिचे गुडघे मात्र गेले. दोन्ही गेले, उजवा जास्त. शेवटी शेवटी तर ती भिंतीला धरून, पाय ओढत, संडासाच्या त्या तीन पायऱ्या चढायची आणि वर पोचल्यावर, जणू गड चढून आल्यासारखी, दम खात उभी राहायची.

ऑपरेशनला ती तयार झाली ती काकूंकडे बघून. काकूंचा गुडघा चार महिन्यांपूर्वीच बदलला होता. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन, मग महिनाभर सांगवीला लेकीच्या फ्लॅटवर. तिथे लिफ्ट, कमोड, आणि व्यायाम करून घ्यायला रोज घरी येणारा फिजिओ. परत आल्या तेव्हा गाडीतून उतरून सरळ ओसरीच्या पायऱ्या चढल्या. आई दारात उभी राहून बघत होती. "काकू चालायल्यात की," ती म्हणाली, "मग मी बी चालंन."

आमचं ऑपरेशन सरकारी योजनेच्या कार्डावर झालं. त्याबद्दल मी एक वावगा शब्द बोलणार नाही. डॉक्टर सोन्यासारखे होते. कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे आई अर्धवट जागी होती. नंतर मला सांगत होती, आत ठाकठूक ठाकठूक चालली होती, तेव्हा तिला वाटलं आपण माहेरी आहोत, अंगणात सुतार तिफण करायला बसलाय, आणि आपल्याला त्याला पाणी नेऊन द्यायचंय पण उठताच येत नाहीये. "लई गोड झोप होती बघ," ती म्हणाली. "पाय माझेच न्हवते."

मला तीन दिवसांची सुट्टी होती. मी ठेकेदाराकडचा माणूस, कंपनीचा नव्हे. चौथ्या दिवशी सकाळी आईच्या कॉटजवळ उभा राहून मी ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला. "सर, दोनच दिवस अजून. घरी सोडणारेत, आईला बघायला कुणी नाही, सर." तो म्हणाला, "भावा, तुला सुट्टी पाहिजे की काम पाहिजे?" मी पुन्हा "सर, सर" केलं. पार पाया पडायचंच काय ते राहिलं होतं. आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपलीय.

एक दिवस मिळाला. त्या दिवशी रिक्षाने तिला खोलीवर आणलं, खाटेवर बसवलं, आणि मग मी माझी अक्कल पाजळली. एक्सरेची फिल्म दाराच्या उजेडात धरली आणि तिला समजावून सांगायला लागलो. मी प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला. पत्र्याला दाबून आकार देणारे मोठे साचे, आम्ही त्यांना डाय म्हणतो, त्यातून निघालेला माल तपासणं हे माझं काम. प्रत्येक डायला एक कार्ड लटकवलेलं असतं. डायने किती ठोके मारले ते त्यावर रोज लिहायचं, ठरलेला आकडा भरला की डाय झिजली असं धरायचं. त्या ऐटीत मी आईला म्हणालो, "हे बघ, वर स्टील, खाली स्टील, मध्ये प्लास्टिक. डॉक्टर म्हणाले पंधरा-वीस वर्षं लाइफ आहे याला. आमच्या डायसारखंच. जेवढे ठोके तेवढी झीज."

आई लक्ष देऊन ऐकत होती. कंपनीतलं काही सांगितलं की ती नेहमीच असं ऐकायची, मग मला आणखी चढायचं.

"झिजलं की मग?" तिने विचारलं.

"मग परत ऑपरेशन."

"परत दवाखाना? परत तू संगं?"

"मग काय, एकटी जाणार आहेस?" मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी रात्री शिफ्टला गेलो.

आता माझ्या आईचा स्वभाव सांगायला हवा. नवी वस्तू आमच्याकडे वापरायची नसते. मिक्सर घेऊन दोन वर्षं झाली होती, तो खोक्यात होता आणि वाटण पाट्यावर. स्टीलच्या डब्यांवरचे स्टिकर तसेच. मी पहिल्या पगारात घेतलेलं लुगडं घडी न मोडता पेटीत. "नवं हाय, असू दे," एवढंच कारण. ही काही तिच्या एकटीची खोड नाही, आमच्या ओळीतल्या दहाही खोल्यांत रिमोटला प्लास्टिकची पिशवी घातलेली होती. ज्याला एकदा मिळालेली वस्तू पुन्हा मिळेल याची खात्री नसते, तो ती जपतो. मला हे लहानपणापासून माहीत होतं, तरी मी तिच्याजवळ झिजेचं बोललो.

दवाखान्यातून व्यायामाचा एक कागद दिला होता. त्यावर इंग्रजी आणि चित्रं. चित्रातली बाई पायजमा घालून रुंद पलंगावर झोपलेली, टाच गादीवरून मागे घेतेय. आमच्या खोलीत ती एकच लोखंडी खाट, तीही मधे खोलगट. फिजिओबाईंनी दवाखान्यात एकदा करून दाखवलं होतं, दिवसातून चार वेळा करायचं म्हणून सांगितलं होतं. मी तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला लावला. कामावरून मी फोन करायचो, "झाला व्यायाम?" ती म्हणायची, "झाला की." मला बरं वाटायचं. सकाळी येऊन बघावं, तर माझेच डोळे उघडत नसायचे.

संडासाच्या पायऱ्या चढून खाली बसणं तर तिला जमणारच नव्हतं. म्हणून मी प्लास्टिकच्या खुर्चीला करवतीने भोक पाडून, खाली बादली ठेवून, मागच्या बोळात पडदा लावून सोय केली होती. पण न वाकणारा पाय घेऊन त्या खुर्चीवर बसायचं आणि उठायचं म्हणजे कुणीतरी दोन्ही हात धरायला हवेत. माझ्यासमोर तिला लाज वाटायची. वहिनी धरायच्या, पण दुपारी दोनला त्या पॅकिंगच्या कामावर जायच्या. मग आईने आपल्यापुरता एक तोडगा काढला, तो मला फार उशिरा कळला. ती पाणी प्यायचीच नाही. खाटेशेजारी भरलेली बाटली मला रोज भरलेलीच दिसायची आणि झोपेत मी समजायचो, वहिनींनी आताच भरून ठेवली असेल.

तिसऱ्या आठवड्यात दाखवायला जायचं होतं. मला सुट्टी नव्हती. फोन केला तर फिजिओबाई म्हणाल्या, "गुडघा वाकतोय ना नीट?" मी म्हणालो, "वाकतोय." मी बघितलाही नव्हता.

महिना भरला तेव्हा एकदाचे गेलो. फिजिओबाईंनी आईच्या पायाला कोनमापक लावला. आमच्याकडेही कोन मोजायचं तसलंच एक हत्यार असतं, त्यामुळे आकडा मला लांबूनच दिसला. पंचावन्न. बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा पंचावन्न.

"आजी, व्यायाम केलाच नाही का?"

आईने पदर ओढून गुडघा झाकला. डॉक्टर आले, त्यांनी मला बाजूला घेतलं. दोन आठवड्यांत नव्वदच्या जवळपास गेला नाही तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल, आणि तेही नाही केलं तर पाय असाच राहील. मी विचारलं, असाच म्हणजे? म्हणजे हात धरल्याशिवाय खुर्चीवर बसता-उठता येणार नाही. ते सहज बोलले, कारण खुर्ची म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळी खुर्ची होती. माझ्यासमोर भोक पाडलेली होती.

परत येताना तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली. आई सीटवर आडवी बसली होती, पाय बाहेर काढून. ऊन उतरायला आलं होतं, धुरळ्यात सगळं पिवळं दिसत होतं, आणि गाड्या इतक्या स्तब्ध होत्या की वाटावं हा रस्ता आता कधी हलणारच नाही.

"खोटं का बोललीस?" मी म्हणालो.

ती म्हणाली, "तूच म्हनलास की, वापरलं की झिजतंय."

"मग?"

"मग काय. झिजलं की परत दवाखाना. परत तुला त्या मानसाच्या हाता-पाया पडायचं. मी ऐकायले होते ना रे, झोपले न्हवते. म्हनलं, पंधरा वर्सं कशाला, जपून वापरलं तर तीस वर्सं जाईल. तुला परत कुनाकडं सुट्टी मागायची पाळी नगं. मला तरी कुठं जायचंय चालत?"

मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी तिच्यावरच काढला. अडाणी म्हणालो, अजून काय काय म्हणालो. रिक्षावाला आरशातून बघत होता. ओरडून ओरडून माझा घसा बसला तेव्हा मला आठवलं की कंपनी मध्यंतरी महिनाभर बंद होती आणि उघडली तेव्हा चांगल्या चांगल्या मशीन जाम होऊन बसल्या होत्या. चालती राहिली तर मशीन टिकते, हे आमच्याकडचा झाडूवालासुद्धा सांगेल. ते वाक्य मला त्या दिवशी एक्सरे धरून का सुचलं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

घरी पोचल्यावर मी ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. या वेळी खाटेजवळ बसून, आईला ऐकू जाईल असा. "पंधरा दिवस येणार नाही," म्हणालो. तो म्हणाला, "मग येऊच नको, राव." मी बरं म्हणालो. फोन ठेवला तर आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिची पेटी उघडून ते लुगडं फाडलं.

"ह्याच्यासाठीच तर वाचवायले होते," ती म्हणाली आणि पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. शहाबादी फरशीवर स्टीलचं ताट पालथं घालायचं, तिने खाटेच्या कडेला बसून त्यावर टाच ठेवायची, आणि ताट मागे सरकवायचं. ते ताटही नवंच होतं, स्टिकरसकट. ती दात ओठ खायची, मी ताट ढकलायचो, दोघंही घामाघूम. शेजारच्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक मी मागून आणला होता. साठ. तीन दिवसांनी बासष्ट. आई दुखण्याने ओरडायची ते ओळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत जायचं.

चौथ्या दिवशी काकू ओसरीवरून कडाडल्या. "आरं, किती रडिवशील तिला? हिकडं आन. झोपाळ्याव बसव."

आम्ही ओसरीवर कधी बसलोच तर पायरीवर. झोपाळा मालकांचा. भाडं द्यायला गेलेला माणूसही झोपाळ्याला टेकत नाही. हे कुणी सांगितलेलं नसतं. आई म्हणाली, "नगं काकू. भाडेकरू मानसं आमी."

"आगं, झोपाळा काय झिजतोय व्हय? बस म्हनते ना. माजा गुडगा ह्याच्यावच सुटला. त्या फिजिओनंच सांगितल्यालं, पाय टेकवायचा आन झोका घ्यायचा, गुडगा आपसूक वाकतो."

मी काकूंकडे बघतच राहिलो. महिनाभर तो झोपाळा आमच्या दारासमोर हलत होता. त्याच्या कड्यांचा आवाज ऐकत मी झोपत होतो. "काकू, आधी का नाही सांगितलं?" माझ्या तोंडून निघालंच.

"तुमी इचारलं कुटं?" काकू म्हणाल्या. त्यात आढ्यता नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

एक सांगतो. काकूंनी झोपाळा दिला, रोज सकाळ-दुपार दिला, वर चहाही दिला. आतल्या कमोडचं मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि आम्हीही काढलं नाही. माणसं चांगलीच होती, पण चांगुलपणाला ओसरीचा उंबरा होता. एकदा काकूंनी आपला एक्सरे आणून दाखवला, मी आईचा शेजारी धरला. माल तपासण्यात माझं आयुष्य चाललंय, तरी मला त्या दोन गुडघ्यांत फरक काढता आला नाही.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या दिसतात. आई झोपाळ्याच्या एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला. आधी आईचा पाय ताठ, झोका येईल तसा जमिनीवर फरफटणारा. मग दोन-चार दिवसांनी बोट टेकायला लागलं, मग तळवा. झोपाळा पुढे यायचा तेव्हा गुडघा वाकायचा, आई डोळे घट्ट मिटून घ्यायची, झोपाळा मागे जायचा तेव्हा उघडायची. काकू त्यांच्या जमिनीत आता कुठली कंपनी उभी आहे, तिथे आधी ज्वारी कशी व्हायची ते सांगत असायच्या. आई तिच्या माहेरच्या ज्वारीचं सांगायची. कड्या वाजायच्या. मी पायरीवर कोनमापक घेऊन बसायचो आणि वाटायचं, हे असंच चालत राहिलं तरी माझी काही हरकत नाही.

पंधराव्या दिवशी फिजिओबाईंचा आकडा ब्याऐंशी आला. डॉक्टर म्हणाले, भूल द्यायची गरज नाही, छान. मग जाता जाता म्हणाले, पहिल्या महिन्यात मेहनत घेतली असती तर नव्वदच्या पुढे गेला असता, आता फार नाही वाढणार. कंपनीत अर्ध्या अंशाला मी माल परत पाठवतो. हे आठ अंश कमी पडले, ते मी कुणाकडे परत पाठवू? थोडे त्या फोनवरच्या माणसाचे, थोडे खोलगट खाटेचे, आणि बरेचसे माझे.

मला जवळच निघोज्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मिळालं. पुन्हा थर्ड शिफ्टच. कामाच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी झोपलो होतो, कवडसा आईच्या रिकाम्या खाटेवर होता, बाहेर झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. झोपेत मी ते झोके मोजत होतो, डायचे ठोके मोजावेत तसे. मग कड्या थांबल्या आणि मी खाडकन जागा झालो.

काठीचा आवाज आला. आमच्या दारापर्यंत आला, दारावरून पुढे गेला, मागच्या बोळाकडे वळला. वहिनी कामावर गेल्या होत्या. मी उठायला लागलो, पण बोळातून आईनेच हाक मारली, "उटू नको रे. मी हाय."

मी बसल्या जागी थांबलो. खुर्चीचे पाय करकरले. पुष्कळ वेळ काहीच आवाज नाही. मग एक कण्हणं, पुन्हा करकर, आणि काठी टेकल्याचा आवाज. हात धुतल्याचा आवाज. ती आत आली तेव्हा मी आडवा होऊन डोळे मिटून घेतले, का ते माहीत नाही.

ती माठाजवळ गेली. तांब्या बुडाल्याचा आवाज झाला. मग उभ्या उभ्या ती पाणी प्यायला लागली. महिन्याभराची तहान होती ती. घटाघट, मधे न थांबता तांब्या रिकामा केला. जरा दम खाल्ला. आणि मग तिने दुसरा तांब्या भरून घेतला.